सहीच्या आधी एक फिटिंग

वसतिगृह, खोली १४
६ जानेवारी

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. (टेबल आणि पलंग यांच्यामध्ये वाकायला जागा नाही, म्हणून नमस्कार उभ्यानेच झाला असे समजावे.)

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. रोज फोनवर डोकं खाणारी भाची अचानक टपालाने का बोलायला लागली, त्याचं कारण माझी मागच्या वर्षीची अक्कल आहे.

माझा प्रकल्प नापास झाला एवढंच तुला ठाऊक आहे. का झाला ते बाबा सांगू शकले नसतील, कारण मीच त्यांना सांगितलेलं नाही. संगणकाच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला एका खऱ्या ग्राहकासाठी सॉफ्टवेअर करावं लागतं. आम्ही पाचजणींनी ग्राहक शोधण्यात दोन दिवस घालवले आणि तिसऱ्या दिवशी कंटाळून एक ग्राहक तयार केला. एका मोठ्या वाचनालयाचे मालक. त्यांच्या गरजा आम्हीच लिहिल्या, त्यांच्या तक्रारी आम्हीच केल्या, त्या दूरही आम्हीच केल्या. शेवटी समाधानाच्या फॉर्मवर त्यांची सही मी ठोकली, कारण माझं अक्षर मोठ्या माणसासारखं आहे. पत्ता दिला समोरच्या केशकर्तनालयाचा. सरांना पुस्तकांचं वेड. ते एका रविवारी वाचनालय बघायला निघाले. एवढं आलोच आहोत तर म्हणून त्यांनी तिथे केस कापून घेतले आणि सोमवारी येऊन आम्हा पाचजणींना नापास केलं. त्याच परीक्षेत ‘ग्राहकाच्या गरजा कशा जाणून घ्याव्यात’ या प्रश्नाला मला दहापैकी दहा गुण आहेत.

यंदा सरांची अट अशी की ग्राहक नात्यातला चालेल, पण श्वास घेणारा हवा. त्याच्याशी सगळी बोलणी हाताने लिहिलेल्या पत्रांतून, टपालाच्या शिक्क्यासकट, आणि दोन्हीकडची पत्रं शेवटी फायलीत. तेव्हा माझी पत्रं जपून ठेव आणि स्वतः लिहिताना जरा सांभाळून लिही.

आता मुद्दा. माझी ग्राहक होशील का? तुझ्या शिवणकामाच्या दुकानात एकतीस मापवह्या आहेत. मी त्या सगळ्या संगणकात घालीन. नाव टाकलं की माप समोर. तुला काही करायचं नाही, शेवटी एका फॉर्मवर सही द्यायची. कंपनीने नोकरी कबूल केली आहे, पण पंधरा जूनला पास झाल्याची गुणपत्रिका घेऊन हजर व्हायचं, नाहीतर ती जागा दुसऱ्या कोणाला जाईल. सगळं त्या एका सहीवर अडलंय.

दादाला यातलं काही बोलू नकोस. तुझ्या चिरंजिवांना कंपनीत दोन वर्षं झाल्यापासून ते मला सल्ले देतात.

लोभ आहेच, तो निदान सहीपर्यंत टिकव.

तुझी भाची

*

दुकान, मशीनवरून
१३ जानेवारी

चि. पिटुकलीस,

अ. उ. आ. (अनेक उत्तम आशीर्वाद, त्यातला एक अक्कल येण्यासाठी राखून ठेवला आहे.)

तुझं पत्र आमच्या काजबटणवाल्या बाईंनी मोठ्याने वाचून दाखवलं, कारण माझ्या हातात कात्री होती. त्या ‘केस कापून घेतले’ इथे पोचल्या आणि माझी कात्री कॉलरमधून सरळ बाहीत गेली. आम्ही दोघी एवढ्या हसलो की ट्रायलला आलेली बाई पडद्याआडून विचारायला लागली, मी एवढी वाईट दिसतेय का.

ग्राहक व्हायला माझी ना नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची माझ्याकडे किरकिर चालते, एकदा मलाही करून बघायची आहे. मात्र सहीचं मला पटलं नाही. ‘काही करायचं नाही, शेवटी सही द्यायची’ म्हणतेस. अगं, मी चौतीस वर्षं फिटिंग बघितल्याशिवाय कपडा दिलेला नाही. तू नात्यातली आहेस म्हणून फिटिंग न बघता तुझं सॉफ्टवेअर कसं घेऊ? माझ्या सख्ख्या बहिणीच्या कोटालासुद्धा मी दोन ट्रायल घेतल्या होत्या, आणि ती अजून त्यावरून बोलते.

तुझ्या बापाला मी सांगितलेलं नाही. पण त्याला कळलं तर तो तुला रागवायच्या आधी केशकर्तनालयाच्या गोष्टीवर हसेल, तो तसाच आहे.

मंडळ आभारी आहे. बाकी सर्व ठीक, गुडघा त्याच्या मर्जीने चालतो.

तुझी गिऱ्हाईक आत्या

ता. क. सरांसाठी: सर, तुम्ही हे वाचणार असं कळलं. त्या माणसाने मागच्या बाजूला केस सरळ रेषेत कापले होते का? हल्ली कोणी कापत नाही.

*

वसतिगृह, खोली १४
२३ फेब्रुवारी

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. आणि त्यात ‘पिटुकली’ हा शब्द फायलीत जाणार आहे, बाहेरून येणारे परीक्षक तो वाचणार आहेत, याची नम्र जाणीव.

शनिवार-रविवारी येऊन तुझ्या संगणकावर सगळं बसवून दिलं, तेव्हा तू गणवेशांच्या ढिगात होतीस, त्यामुळे नीट दाखवता आलं नाही. एकूण अडतीस पडदे आहेत, म्हणजे अडतीस वेगवेगळी पानं. गिऱ्हाईक नोंदणी, माप नोंदणी, कापड नोंदणी, बटण नोंदणी. बटणांच्या पडद्यावर भोकांची संख्या निवडता येते. मला त्या पडद्याचा विशेष अभिमान आहे.

इतके पडदे कशाला असं तू विचारशील. गुणांच्या तक्त्यात ‘प्रणालीची व्याप्ती’ या सदराला वीस गुण आहेत आणि व्याप्ती पडद्यांवरून मोजतात. आत्या, आमचं शिक्षण मोठं मजेदार आहे. प्रोग्रॅमिंगची परीक्षा आम्ही कागदावर देतो. संगणक जी चूक एका क्षणात दाखवतो ती आम्ही पेनाने शोधतो आणि कंस बोटांवर मोजतो. चार वर्षांत मी ग्राहकाची शंभर तरी चित्रं काढली असतील. तो नेहमी काड्यांचा असतो. एक गोल डोकं, हातापायांच्या चार रेघा, खाली लिहायचं ‘वापरकर्ता’. तो कधी बोलत नाही, त्याचा गुडघा दुखत नाही, म्हणून तर मला तो आवडायचा.

सोबत फॉर्म जोडला आहे. मजकूर छापील आहे: ‘सदर प्रणालीबाबत मी पूर्ण समाधानी आहे.’ खाली टिंबं आहेत, त्यांवर सही करून धाडून दे. मी मोकळी, तू मोकळी.

लोभाचं काय ते तू बघ, पेन मात्र निळ्या शाईचं वापर.

तुझी भाची

*

दुकान
१ मार्च

चि. पिटुकलीस (परीक्षकांनाही आशीर्वाद),

अ. उ. आ.

फॉर्म पोचला. सही केलेली नाही. कपडा अंगावर चढवल्याशिवाय ‘छान बसला’ म्हणणारी गिऱ्हाइकं मला माहीत आहेत, ती महिन्याभराने उसवलेली बगल घेऊन परत येतात. मी सांगितलं होतं की ट्रायल होईल. ती चालू आहे.

तुझ्या अडतीस पडद्यांतले आम्हाला दोन सापडले. बाकीचे कुठे आहेत ते आम्ही विचारत नाही. अक्षरं फिकट राखाडी आहेत, ती वाचायला काजबटणवाल्या बाई पडद्याला नाक लावतात आणि मग नाकाने काहीतरी दाबलं जातं. बटणाला भोकं किती हे मी बटणाकडे बघून सांगू शकते.

सगळ्यात मोठी कटकट गिऱ्हाइकाच्या नावाची. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन चौकोन आणि तिन्ही भरल्याशिवाय तुझं यंत्र पुढे सरकत नाही. लाल अक्षरांत ओरडतं. अगं, मला गिऱ्हाइकांची नावं कुठून माहीत असणार? तू माझ्या वह्या उघडून तरी बघितल्यास का? दोन दिवस आम्ही त्या चौकोनांपुढे हात टेकून बसलो. शेवटी काजबटणवाल्या बाईंनी युक्ती काढली आणि आता तिन्ही चौकोन भरतात, यंत्र मुकाट्याने पुढे जातं. त्रेसष्ट गिऱ्हाइकं घालून झाली. फोन नंबर वहीत होतेच, तेही घातले.

जेवणाच्या वेळा सांभाळ. तुझा बाप म्हणाला तू वाळलीस. मी म्हटलं, पाठव, कमरेत दोन टाके घालून देते.

आशीर्वाद नेहमीचे, सही राखीव.

आत्या

*

वसतिगृह, खोली १४
९ मार्च

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि.

चौकोन भरायला लागलीस हे वाचून फार बरं वाटलं. बघ, सवयीने जमतं. आमच्या पुस्तकात लिहिलंच आहे की वापरकर्ता सुरुवातीला नव्या प्रणालीला विरोध करतो आणि त्याकडे फार लक्ष द्यायचं नसतं.

आता आनंदाची बातमी. दादाला शेवटी कळलंच (तू सांगितलंस, नाकारू नकोस). त्याने फोनवर तासभर उद्योगजगताची माहिती दिली. त्याच्या कंपनीत रोज सकाळी सगळे उभं राहून बैठक घेतात, म्हणजे ती पंधरा मिनिटांत आटपेल. ती तासभर चालते आणि आता सगळे भिंतीला टेकतात. दादाने दीड वर्ष एका बटणावर काम केलं. मी विचारलं ते बटण कोण दाबतं, तर म्हणाला, ते दुसऱ्या विभागाकडे असतं. पण त्याचा एक सल्ला मला पटला. तो म्हणाला, ग्राहकांना आपोआप संदेश जायला हवेत, आजकाल त्याशिवाय कोणी विचारत नाही. तक्त्यात बघितलं तर ‘संदेश सुविधा’ला खरंच दहा गुण आहेत.

म्हणून ती मी केली. दादा या रविवारी घरी येईल तेव्हा तुझ्या संगणकावर बसवून देईल. कपडे तयार झाले की गिऱ्हाइकाच्या फोनवर आपोआप संदेश जाईल, तोही आदराने, पुढे ‘श्रीमती’ लावून, पूर्ण नावानिशी. नावं तू भरलीच आहेस. पहिला हप्ता मंगळवारी सकाळी दहाला सुटेल. तुला काही दाबावं लागणार नाही.

आत्या, आता तरी सही. नऊ आठवडे झाले. माझ्या बाकीच्या चौघींच्या फायली पूर्ण झाल्यात. मला कधीकधी भीती वाटते की मी इथेच राहणार आणि पुढच्या वर्षी हेच सर हेच चित्र काढायला लावणार.

लोभ ओसंडून वाहू दे, निदान फॉर्मच्या टिंबांपर्यंत.

तुझी भाची

*

दुकान
१८ मार्च

चि. भाचीस,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते मोजकेच.

मंगळवारी दहा वाजून दोन मिनिटांनी दुकानातला फोन वाजला आणि तो आज तिसऱ्या दिवशीही वाजतोच आहे.

तू माझ्या वह्या उघडल्या नाहीस, म्हणून सांगते. त्यांत कोणाचंच नाव नसतं. मला शिवायचं असतं अंगाला, नावाला नाही. त्यामुळे गिऱ्हाईक तिच्या अंगाच्या खुणेने लिहिलेलं असतं. पान उघडलं की कापताना हात आपोआप सावध होतो. ही माझी पद्धत चौतीस वर्षांची आहे आणि त्या वह्या माझ्याशिवाय आणि काजबटणवाल्या बाईंशिवाय कोणी वाचत नाही. तुझ्या चौकोनांना तीन शब्द हवे होते. आमच्या खुणाही बहुतेक तीन शब्दांच्याच. त्या आम्ही घातल्या.

शाळेच्या मोठ्या बाईंना संदेश गेला: ‘श्रीमती डावा खांदा उतरलेली, आपले कपडे तयार आहेत. आपला दिवस शुभ असो.’ टपाल कचेरीतल्या बाईंना गेला: ‘श्रीमती श्वास रोखून धरते’. त्यांच्या बहिणीला: ‘श्रीमती पोट आत घेणारी’. दोघी एकाच घरात राहतात आणि संदेश त्यांनी एकमेकींना मोठ्याने वाचून दाखवले. एका संदेशात होतं ‘श्रीमती टकल्या वकिलाची बायको’. ती आली नाही. वकील स्वतः आले, डोक्यावर टोपी घालून, आणि मला म्हणाले की ते इथे कायदेशीर बोलायला आलेत. काजबटणवाल्या बाई मशीनखाली पडलेली सुई शोधायला वाकल्या त्या वकील जाईपर्यंत वर आल्या नाहीत. सुई पडलीच नव्हती.

इथपर्यंत तू हसली असशील. मीही पहिल्या दिवशी हसले. पुढचं वाच.

शाळेच्या मोठ्या बाई दुपारी आल्या. भांडल्या नाहीत. बाकावर बसल्या आणि विचारलं, खांदा इतका दिसतो का. मी म्हटलं, कोणालाच दिसत नाही. बावीस वर्षं मी तुमच्या प्रत्येक कोटात डाव्या बाजूला अस्तराखाली जास्तीची पट्टी घालते, ती दिसू नये म्हणूनच तर घालते. त्यांना ते ठाऊकच नव्हतं. मी कधी बोलले नव्हते. त्यांनी डोळे पुसले, कोट घेतला आणि गेल्या. परत येईन असं काही बोलल्या नाहीत. माणसं माझ्यापुढे कपडे उतरवून उभी राहतात ती या भरवशावर की बघितलेलं मी पोटात ठेवीन. तो भरवसा तुझ्या यंत्राने सकाळी दहा वाजता वाटून टाकला. मंगळवारपासून दुकानात नवं कापड आलेलं नाही.

मला तुझा राग आला आहे. खरा आला आहे. माझ्यावरही आला आहे, कारण ते शब्द मीच त्या चौकोनांत घातले.

फॉर्म टेबलावर आहे, तसाच कोरा.

आत्या

*

वसतिगृह, खोली १४
२३ मार्च

ती. आत्यास,

नमस्कार करते, कुठल्या तोंडाने ते विचारू नकोस.

तुझं पत्र तीनदा वाचलं. वकिलांपर्यंत पहिल्या वेळी खरंच हसले, त्याची लाज वाटते. संदेश सुविधा दादाकडून त्याच दिवशी काढायला लावली. तो म्हणाला की कंपनीत अशा वेळी ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ असा एक संदेश सगळ्यांना पाठवतात. मी त्याला सांगितलं की यापुढे कोणालाही काहीही पाठवलंस तर मी तुझ्या लहानपणीचे फोटो त्या उभ्या बैठकीला पाठवीन.

मी वह्या उघडल्या नव्हत्या, हे खरं आहे. पहिलं पान बघितलं, त्यावर आकडे होते, आकडे म्हणजे माप, झालं माझं समाधान. मागच्या वर्षी मी ग्राहक मनाने बनवला. यंदा खरा ग्राहक समोर बसवून मी पुन्हा तेच केलं. तू पत्रात स्पष्ट विचारलं होतंस की वह्या उघडून बघितल्यास का, आणि मी त्यावर तुला पुस्तकातलं वाक्य ऐकवलं. ते वाक्य फायलीत जाणार आहे. जाऊ दे.

फॉर्मवर सही करू नकोस. हे मी रुसून लिहीत नाहीये. तू सही दिलीस तर ती खोटी असेल, आणि खोटी सही मला स्वतःलाही चांगली जमते. नोकरी गेली तर गेली. (हे वाक्य लिहिताना अक्षर वाकडं झालं, ते तुला दिसेलच.)

गुरुवारी येते. चार दिवस तुझ्या टेबलाशेजारी बसणार आहे आणि काही बोलणार नाही, फक्त बघणार आहे. आल्यावर आधी शाळेच्या मोठ्या बाईंकडे जाईन. तू सोबत येऊ नकोस, माझी चूक मला सांगता येते.

लोभ मागायची आज हिंमत नाही. उरला असेल तेवढा पुरे.

भाची

*

दुकान
१४ एप्रिल

चि. पिटुकलीस,

अ. उ. आ. आता पूर्ववत, भरघोस.

तू गेल्यावर दुकान गप्प गप्प वाटतं. चार दिवस न बोलता बसणार होतीस. मी मोजत होते, बावीस मिनिटं बसलीस.

पण बघितलंस मात्र नीट. अडतीस पडदे उसवून एकच ठेवलास, तो आम्ही दोन आठवडे रोज वापरला. आता एकच चौकोन आहे, त्यात काहीही लिहिता येतं, आणि त्यात लिहिलेलं दुकानाबाहेर जात नाही. पावतीवर फक्त आकडा येतो. ‘खांदा’ एवढं टाकलं की खांद्यांच्या सगळ्या तक्रारी समोर. परवा ज्यासाठी एकतीस वह्या उपसाव्या लागल्या असत्या ते माप मला कात्रीला धार लावून होईपर्यंत मिळालं. अक्षरं काळी झाली. काजबटणवाल्या बाईंचं नाक सुटलं.

कापड पुन्हा यायला लागलं आहे. पोट आत घेणारी आली आणि पोट बाहेर सोडून उभी राहिली. म्हणाली, आता काय लपवायचं. तिचा ब्लाउज पहिल्यांदा पहिल्याच ट्रायलला बसला. वकिलांचं कोणी अजून आलेलं नाही. शाळेच्या मोठ्या बाई सोमवारी आल्या. तू त्यांच्याकडे जाऊन काय बोललीस ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नवा कोट टाकून गेल्या आणि जाताना म्हणाल्या, पट्टी घाला.

आता सही. फॉर्म सोबत आहे, पाकीट उघडून बघ. सही केली आहे. पण ‘पूर्ण’ हा शब्द मी खोडला आहे. बुधवारी वीज गेली आणि तुझं यंत्र आंधळं झालं, मला वह्याच काढाव्या लागल्या. शिवाय ते सुरू व्हायला एवढा वेळ घेतं की तोवर गिऱ्हाईक आपली सगळी कथा सांगून मोकळं होतं. मी समाधानी आहे. पूर्ण नाही. जे आहे ते लिहिलं.

हा खोडलेला शब्द तुला अडचणीत आणेल का ते मला कळत नाही. आणत असेल तर कळव.

आशीर्वाद अस्तरासकट.

आत्या

ता. क. सरांसाठी: सर, मुलगी बघायला शिकली आहे. बोलायचं थांबत नाही.

*

वसतिगृह, खोली १४
३० एप्रिल

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. या खेपेला खोलीतला पलंग सरकवून खरोखर वाकून.

काल तोंडी परीक्षा झाली. क्रमाने सांगते, नाहीतर तू शेवट आधी वाचशील. (वाचू नकोस.)

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी फाईल उघडली आणि आधी पत्रं वाचायला घेतली. एक संपलं की दुसरं. सर खिडकीबाहेर बघत होते. केशकर्तनालयाच्या पत्राशी आल्यावर बाईंनी सरांच्या मानेकडे एकदा बघितलं. मंगळवारच्या संदेशांशी त्या रुमाल तोंडाला लावून थांबल्या, आणि मग शाळेच्या मोठ्या बाईंच्या भागाशी रुमाल खाली ठेवला. त्यांनी मला मोजून तीन प्रश्न विचारले. अडतीस पडदे का केले, एक का ठेवला, आणि वीज गेल्यावर काय. तिसऱ्याचं उत्तर मला आलं नाही, तसं सांगितलं.

मग फॉर्म. नियम असा निघाला की खाडाखोड केलेला फॉर्म कार्यालय घेत नाही. सर आणि बाई दोघांनाही तो माहीत नव्हता, कार्यालयातल्या लिपिकांना माहीत होता. ते फार भले गृहस्थ आहेत. त्यांनी मला बाहेर बोलावलं, कपाटातून कोरा फॉर्म काढून दिला, स्वतःच्या खिशातलं निळं पेन दिलं आणि म्हणाले की चारच्या आत सहीनिशी आणून दे, सही कुठून आणलीस ते विचारणारे आम्ही कोण.

मी तो फॉर्म घेऊन व्हरांड्यात उभी राहिले. तीन वाजले होते. आत्या, तुझी सही मला डोळे मिटून करता येईल, चार महिने तीच तर बघतेय. मागच्या वर्षी मी नसलेल्या माणसाची सही करताना काही वाटलं नव्हतं. काल मात्र तू डोळ्यांसमोर आलीस, मशीनवर वाकून ‘पूर्ण’ शब्दावर रेघ ओढताना. मग मी आत गेले आणि कोरा फॉर्म पेनासकट लिपिकांना परत दिला. म्हटलं, माझ्या ग्राहकाने जे लिहिलंय तेच आहे, घ्या नाहीतर सोडा. हे बोलून झाल्यावर मी त्यांच्याच खुर्चीत बसले.

आत सव्वा तास काहीतरी चाललं होतं. मग सरांनी बोलावून सांगितलं: बावन्न. अपूर्ण फॉर्मचे दहा गुण कापून बावन्न. पन्नासला पास. कंपनीला पासच हवं आहे. आत्या, मी पास झाले!

एक गंमत राहिलीच. बाबा आले होते. काही सांगितलं नव्हतं, अचानक व्हरांड्याच्या टोकाला बाकावर बसलेले दिसले, तेही सगळं झाल्यावर. इथे जवळच एक काम होतं म्हणाले. काय काम ते सांगेनात आणि सारखा शर्टाच्या खिशावर हात. पास झाले म्हटल्यावर मोठ्याने हसले आणि मग चष्मा पुसत बसले. त्यांना बरं नाहीये का? छातीवर हात ठेवून बसलेला माणूस बघितला की मला धस्स होतं. तू एकदा विचारून बघ.

लोभ असाच ठेव, थोडा खोडलेला चालेल.

तुझी पास झालेली भाची

*

दुकान
५ मे

चि. पिटुकलीस,

अ. उ. आ., सगळे, राखून ठेवलेलासुद्धा.

हे पत्र फायलीत लावायचं नाही. फाईल संपली. हे फक्त तुला.

तुझ्या बापाची छाती ठणठणीत आहे. त्याच्या खिशात काय होतं ते सांगते. तुला फॉर्म पाठवायच्या आधी मी शेजारच्या दुकानातून त्याची एक कोरी प्रत काढून घेतली होती. तिच्यावर काहीही न खोडता, ‘पूर्ण समाधानी’च्या खाली मी निळ्या शाईने सही केली. मग तुझ्या बापाला बोलावून केशकर्तनालयापासून सगळं सांगितलं (हसला, मी म्हटलं होतं ना) आणि तो कागद त्याच्या हातात देऊन म्हटलं, परीक्षेच्या दिवशी तिथे जाऊन बस. पोरीला नापास करायला लागले किंवा तिने मागितलं, तर हा दे.

चौतीस वर्षांत पहिल्यांदा मी फिटिंग न बसलेल्या कपड्याला ‘छान बसलाय’ म्हणायला तयार झाले होते. तुला ऐटीत सांगत होते की जे आहे ते लिहिलं, आणि मागल्या दाराने खोटा कागद धाडला होता. काय करू? तुझ्या त्या ‘नोकरी गेली तर गेली’ या ओळीतलं अक्षर मी बघितलं होतं.

तुझा बाप तीन वाजता व्हरांड्यातच होता, खांबाआड. तू कोरा फॉर्म आणि पेन घेऊन उभी होतीस ते त्याने बघितलं. तो उठला, कागद खिशातून अर्धा बाहेर काढला, आणि तेवढ्यात तू वळून आत गेलीस. तो परत बसला. हे मला फोनवर सांगताना त्याला पुढे बोलता येईना. मग मलाही येईना. दोघं बहीणभाऊ तसेच फोन धरून बसलो आणि काजबटणवाल्या बाई विचारायला लागल्या, कोण गेलं.

काल तो कागद परत देऊन गेला. सही इतकी सुबक आली होती, आयुष्यात एवढी चांगली आली नसेल. दोन वेळा हातात घेतला, फाडवेना. मग काजबटणवाल्या बाईंना सांगितलं, तुम्ही फाडा. त्यांनी फाडला.

कामावर जायला लागलीस की लिही. आणि मला आता ग्राहक म्हणून वागवू नकोस, खूप झालं.

तुझ्यावर फार फार लोभ असलेली,

तुझी आत्या